आर्क्टिक थंडीची लाट आणि सावकाश येणारी ऊब

जानेवारीत इलिनॉय आणि विस्कॉन्सिन भागात उत्तर ध्रुवाकडची हवा उतरली की तिथल्या मराठी घरांतून, आणि कधी महाराष्ट्रातूनही, साधारण हेच प्रश्न येतात. तापमान फॅरेनहाइटमध्ये दिले आहे.

नकाशावर शिकागो आधी गडद निळे आणि पुढच्या आठवड्यात राखाडी दिसते. म्हणजे थंडी संपली का? (नेपरव्हिल)

नाही. अमेरिकी हवामान खात्याचे 6 ते 10 आणि 8 ते 14 दिवसांचे नकाशे तापमान दाखवत नाहीत, शक्यता दाखवतात. गडद निळा म्हणजे सरासरीहून थंड राहण्याची शक्यता बरीच जास्त. नेमकी किती थंडी पडेल, ते त्यात नसते. राखाडी म्हणजे सरासरीच्या आसपास, आणि ही सरासरी 1991 ते 2020 या वर्षांची. शिकागोत जानेवारीतले सरासरी कमाल तापमान 32 अंशांच्या आसपास, म्हणजे गोठणबिंदूवरच आहे. त्यामुळे थंडी 'सरासरीवर' आली तरी रात्री सगळे गोठणारच. शिवाय हा पाच किंवा सात दिवसांचा एकत्रित हिशेब असल्याने मधल्या दोन भयंकर रात्री त्यात झाकल्या जातात. रोजच्या आकड्यांसाठी स्थानिक कार्यालयाचा सात दिवसांचा अंदाजच पाहावा.

दोन दिवस दक्षिणेचे वारे वाहताहेत, तरी पारा का चढत नाही? (शॉम्बर्ग)

जमिनीवरच्या बर्फामुळे. ताजा बर्फ बहुतेक ऊन परत फेकतो. उरलेली उष्णता तो वितळवण्यात खर्च होते, कारण 1 ग्रॅम बर्फाचे पाणी करायला सुमारे 80 कॅलरी लागतात. त्यात आर्क्टिक हवा जड असते, जमिनीला चिकटून राहते आणि वरून आलेली उबदार हवा तिच्यावरून सरकून जाते. अशा वेळी पाऊस पडला तर तो थंड रस्त्यावर पडताच गोठतो. म्हणून ऊब येण्याचा पहिला दिवस गाडी चालवायला आम्ही थंडीच्या दिवसापेक्षा धोक्याचा मानतो.

ऊब दरवेळी सावकाशच येते असेही नाही. 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 23 पर्यंत उतरला होता, आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात तो पन्नाशीच्या आसपास पोचला.

ही हवा आमच्या द्राक्षबागांपर्यंत येईल का? (निफाड)

थेट नाही. उत्तर अमेरिकेत कॅनडापासून खाली तिला अडवणारी पूर्व-पश्चिम पर्वतरांग नाही. आपल्याकडे हिमालय आडवा आहे. नाशिक भागातली कडाक्याची थंडी पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी ढग-पावसाची प्रणाली) सरकून गेल्यावर वायव्येकडून वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्यांनी आणि निरभ्र रात्रींमुळे येते.

आम्ही तीन आठवडे पुण्याला जातोय. घराचे पाइप फुटू नयेत म्हणून काय करावे? (ऑरोरा)

हीटिंग बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट 55 च्या खाली नेऊ नये. बाहेरच्या भिंतीत नळ असतील तर 60 वर ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निघताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा नळ उघडून पाणी काढून टाका आणि फ्लश एकदा दाबा. गरम पाण्याची टाकी 'व्हेकेशन'वर ठेवा. मात्र घरात अग्निशमनाचे स्प्रिंकलर किंवा गरम पाण्याच्या रेडिएटरचे हीटिंग असेल, तर आधी प्लंबरला विचारा. अंगणातल्या नळाची होज काढायला बहुतेक जण विसरतात. ती जोडलेली राहिली तर आत पाणी अडते आणि भिंतीतला पाइप फुटतो.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. पण पाइप बर्फ जमतो तिथेच फुटतो असे नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो, आणि तो पाइप फोडतो. घरी असाल तर रात्री नळाची बारीक धार सोडायची ती हा दाब निघून जावा म्हणून. सिंकखालच्या कपाटाची दारेही उघडी ठेवा. पाइप गोठलाच तर नळ उघडून हेअर ड्रायरने नळाकडून बर्फाकडे शेकत जा. ज्योत कधीही लावू नका.

चीर पडलेली असली तरी बर्फ तिला बुजवून ठेवतो. पाणी वाहू लागते ते ऊब आल्यावर. म्हणून किल्ली ज्यांच्याकडे देता त्यांना सर्वांत थंड दिवशी एक आणि पारा 32 च्या वर गेल्यावर एक अशी चक्कर मारायला सांगा. घर तापवणाऱ्या फर्नेसचे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर येत असतील, तर त्यांची तोंडे बर्फाने बुजली नाहीत ना, हेही त्यांनी पाहावे. ती बुजली की फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो.

मीठ टाकूनही ड्राइव्हवेवरचा बर्फ हलत नाही. (मॅडिसन)

साधे मीठ सुमारे 15 अंशांखाली जवळजवळ निरुपयोगी ठरते. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरा, नाहीतर पकडीसाठी नुसती वाळू टाका. पारा विशीत आला की मीठ पुन्हा चालते. दुपारी वितळलेले पाणी सूर्यास्तापूर्वी ओढून काढा, कारण रात्री त्याचीच काच होते.