फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का?

मागच्या अंकात राज्य सरकारच्या तिजोरीत पैसा कुठून येतो, याची ढोबळ ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतो आहे. माझी सगळी नोकरी विक्रीकर खात्यात गेली, त्यामुळे उत्तरांना खात्याचा वास येणारच. चालवून घ्या.

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात आणि फेब्रुवारीत ३००. माझ्या साहेबांचा पगार माझ्या दसपट आहे, पण त्यांचाही तेवढाच कापला जातो. राज्याला पैसा हवाय ना? मग साहेबांकडून जास्त का घेत नाहीत?
– खासगी कंपनीतील कर्मचारी, हडपसर

अकरा महिन्यांचे २०० प्रमाणे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, झाले २,५००. गणित जुळावं म्हणून आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे ते शंभर रुपये चिकटवलेत, एवढंच त्यातलं गूढ. वर्षाला २,५०० ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६व्या कलमात आहे. मुळात ती २५० रुपये होती. १९८८ च्या ६०व्या घटनादुरुस्तीने ती दहापट केली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. त्या वेळी २,५०० रुपये ही नोकरदाराला जाणवणारी रक्कम होती. आज तेवढ्यात डेक्कनवर चौघांचं जेवण होतं.

आपल्याकडे महिना १०,००० च्या वर कमावणारा पुरुष २,५०० भरतो आणि महिना दहा लाख कमावणाराही २,५००च भरतो. (महिलांना २५,००० रुपये पगारापर्यंत २०२३ पासून माफी आहे.) मर्यादा वाढवायची तर संसदेत जावं लागेल, मुंबईत बसून ते होणार नाही. पण मंत्रालयाच्या हातात काहीच नाही असं समजू नका. तुमचा कर कंपनी कापून भरते, तो चुकत नाही. स्वतंत्र धंदा करणाऱ्याने मात्र ‘पीटीईसी’, म्हणजे व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र, काढून स्वतः भरायचा असतो. डॉक्टर, वकील, क्लासवाले, दलाल, इंटिरियरवाले, सगळे त्यात येतात. कुठल्याही पेठेत एका गल्लीतल्या पाट्या मोजा आणि त्यांतल्या किती जणांकडे पीटीईसी आहे ते विचारा. नुसती वीजजोडणीची, दुकान नोंदणीची आणि जीएसटीची यादी शेजारी शेजारी ठेवली, तरी दर न वाढवता पैसा येईल.

या कराची जन्मकथा मला फार आवडते, म्हणून थोडं विषयांतर. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. कर शहरी पगारदाराने भरायचा आणि त्याच्या बरोबरीने सरकारनेही रक्कम घालायची, असा हिशेब होता. पुण्यात कापलेले पैसे माणदेशातल्या पाझर तलावावर खर्च होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुरकुर झाली तरी लोकांनी तो मानला. हीच योजना पुढे देशपातळीवरच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याचा नमुना ठरली. आज पगारपत्रकात ‘पी. टॅक्स’ असं जे लिहिलेलं असतं ते कशासाठी कापलं जातं, हे नव्वद टक्के नोकरदारांना सांगता येणार नाही, असा माझा अंदाज. नवा कर लावायची वेळ आली, तर तो कशासाठी हे पावतीवर छापा, असं मी नेहमी म्हणतो.

प्रश्न : मुलासाठी बाणेरला ९० लाखांचा फ्लॅट घेतला. ७ टक्क्यांनी ६ लाख ३० हजार मुद्रांक शुल्क भरलं. २०२० मध्ये दर उतरवले तेव्हा नोंदणी कार्यालयांत केवढी गर्दी होती. दर कायमचे कमी ठेवले तर सरकारचंच उत्पन्न वाढेल ना?
– निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

गर्दी खरी. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मूळ ५ टक्क्यांचा दर २ टक्के केला होता, पुढचे तीन महिने ३ टक्के. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने हा हिशेब करून पाहावा : दर ५ वरून २ वर आला, की तेवढाच पैसा मिळायला दस्तांचं मूल्य अडीच पट व्हावं लागतं. शिवाय शुल्क ३१ डिसेंबरच्या आत भरून ठेवलं, तर नोंदणीला पुढे चार महिने मिळत होते. पुढच्या दिवाळीत घर घेणारा माणूसही मुदत संपायच्या आत धावत आला. सवलत कायमची केली, की ती धावपळ संपते आणि कमी दर तेवढा मागे राहतो. त्या वेळी बांधकामाला हात द्यायला ते ठीक होतं. उत्पन्न वाढवायचा उपाय म्हणून मी ते सुचवणार नाही.

तुमच्या ७ टक्क्यांत ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा आणि १ टक्का एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा. म्हणजे मेट्रोत पाऊल न ठेवता तुम्ही तिला ९०,००० रुपये देऊन बसला आहात. घर सुनेच्या एकटीच्या नावावर घेतलं असतं तर १ टक्का वाचला असता. आता झालं ते झालं.

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. धायरीतल्या ३० लाखांच्या वन बीएचकेला ३०,००० आणि कोरेगाव पार्कातल्या ३ कोटींच्या फ्लॅटलाही ३०,०००च. फी म्हणजे सेवेचा मोबदला, कर नव्हे, हा कायद्याचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. ठीक. मग निदान मुद्रांक शुल्कात तरी टप्पे करा. पहिल्या घराला कमी, तिसऱ्या फ्लॅटला जास्त. हे करायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आणि रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला जागेचा भाव. तो ठरवणाऱ्या नोंदणी महानिरीक्षकांचं मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन वर्षं दर तसेच ठेवले, मग एप्रिल २०२५ मध्ये वाढवले. जिथे बाजारभाव रेकनरच्या बराच वर असतो, तिथे मधली रक्कम ‘रोखीत’ होते. ही गोष्ट पुण्यात जागा घेतलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. रेकनर बाजाराच्या जवळ न्यावा आणि त्याच वेळी शुल्काचा टक्का खाली आणावा, असं माझं मत आहे. प्रामाणिक माणसाला जड जाणार नाही आणि रोखीत खेळणाऱ्याची मजा जाईल.

प्रश्न : पेट्रोल जीएसटीत आणलं की स्वस्त होईल. राज्याचं जे बुडेल ते त्यांनी इतर वस्तूंवरचा जीएसटी वाढवून भरून काढावं. एवढं सोपं असून करत का नाहीत?
– दुचाकीवरून रोज हिंजवडीला जाणारा, वारजे

कारण राज्याला एकट्याला जीएसटीचा दर एक पैशानेही हलवता येत नाही. तो केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतो. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. जीएसटीमुळे राज्यांचं नुकसान झालं तर दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाई देण्याची केंद्राची हमी होती, तीही जून २०२२ मध्ये संपली. महाराष्ट्राला स्वतःच्या सहीने बदलता येतील असे मोठे कर उरले ते इंधनावरचा व्हॅट, दारू, मुद्रांक, वाहन कर आणि विजेवरचं शुल्क. आपल्या पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आहेत. एवढी हक्काची दुभती म्हैस कोण सोडेल? तुमचं दुखणं खरं आहे, पण मी अर्थमंत्री असतो तरी सोडली नसती.

जीएसटीत राज्याला वाव आहे तो वसुलीत. मी खात्यात असताना एका पत्त्यावर चौकशीला गेलो होतो. कागदोपत्री तिथे सळया आणि भंगाराचा मोठा व्यापार, उलाढाल कोट्यवधींची. प्रत्यक्षात पिठाची गिरणी. गिरणीवाले काका ज्वारी दळत होते. बाहेर डबे रांगेत आणि प्रत्येकावर खडूने नाव. त्यांनी कधीतरी कर्जासाठी कुणाला तरी आधार, पॅन आणि लाइटबिल दिलं होतं. त्या कागदांवर कुणीतरी नोंदणी काढून नुसती बिलं फाडत होता. माल नाही, ट्रक नाही, बिल मात्र पक्कं. १८ टक्क्यांच्या मालाचं १ कोटीचं असं बिल घेणाऱ्याला १८ लाखांची वजावट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वळता करण्याची सोय) फुकट मिळते, त्यातले निम्मे, ९ लाख, राज्याचे. व्हॅटच्या काळात आम्ही यांना ‘हवाला डीलर’ म्हणत असू आणि त्यांच्या याद्या खात्याच्या संकेतस्थळावर लागत. कर बदलला, धंदा तोच राहिला. नोंदणी देण्याआधी जागेवर जाणारा निरीक्षक हवा आणि निरीक्षक हवा तर रिकामी पदं भरायला हवीत. पगार वाचवून महसूल घालवण्याचा हा उद्योग मी जवळून पाहिला आहे.

दुसरं, अभय योजना. विक्रीकर आणि व्हॅटच्या थकबाकीसाठी २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ अशा चार वेळा सवलतीच्या योजना आल्या. अडकलेला पैसा सुटतो, हे मान्य. पण लक्ष्मी रोडवरच्या जुन्या व्यापाऱ्याने मला विचारलं होतं, ‘साहेब, मी वेळेवर भरलं, माझं काय चुकलं?’ मी चहा पिऊन उठलो.

प्रश्न : काका, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्याचाच आहे ना? मग लावत का नाहीत?
– विद्यार्थी, सदाशिव पेठ

अधिकार राज्याचाच, बाळा. सातव्या अनुसूचीतली राज्यसूची, नोंद ४६, परीक्षेत विचारतील. लावला तरी कोरडवाहू शेतकरी सवलतीच्या मर्यादेत बसून बाहेरच राहील, आणि राहायलाच हवा. प्रश्न आहे तो शहरातली कमाई शेतीच्या खात्यावर दाखवणाऱ्यांचा. मुळशी-मावळात फार्महाउस बांधून सातबाऱ्यावर आंबा लावणाऱ्यांकडून किती मिळेल ते मिळेल, पण निवडणुकीआधी ते विधेयक मांडणारा आमदार मला दाखव.

प्रश्न : कर वाढवायची भाषाच कशाला? आधी खर्च कमी करा.
– ज्येष्ठ नागरिक, शनिवार पेठ

पुणेकरांना अर्थसंकल्पावर टीका करायची खोड जुनी आहे. फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात विचारलं होतं, की लोक दुष्काळात असताना सरकारकडे शिल्लक कशी उरते? मिठावरचा कर उतरवा अशी त्यांची मागणी होती आणि पुढच्या वर्षी तो खरंच उतरला. पण तेव्हा भांडण शिलकीवर होतं. आपल्या राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट होती. लाडकी बहीण एकटीच ३६,००० कोटींची. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं; दारूवरच्या त्या वेळच्या सगळ्या वाढीतून मिळून १४,००० कोटी जादा अपेक्षित होते. म्हणजे बहिणीला द्यायचे ते बऱ्याच अंशी दाजींच्या ग्लासातून. खर्च कमी करा म्हणता, जरूर करा. पण नेमका कोणता, ते पुढच्या पत्रात लिहा. सरकारी दवाखान्यातल्या नर्सची जागा रिकामी ठेवणं, हे मी काटकसरीत धरत नाही.

प्रश्न : मी राहत्या घराचा मिळकतकर भरतो, पण बिलात ४० टक्के सवलत दिसत नाही. राज्य सरकारला पैसा कमी पडतो म्हणून काढली का?
– सिंहगड रोड

मिळकतकर महापालिकेचा, तो राज्याच्या तिजोरीत जात नाही. सवलत १९७० पासूनची. राज्याने ती २०१८ मध्ये थांबवली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली. बिलात दिसत नसेल तर ‘पीटी-३’ अर्ज भरून स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडा आणि क्षेत्रीय कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.