लिनक्स सोडण्याचा आग्रह होतो तेव्हा

प्रश्न : नागपुरात धरमपेठेतील एका लहान सर्वेक्षण कार्यालयात मी नकाशांचे काम करते. आमच्या २०१७ साली घेतलेल्या बारा संगणकांवर पहिल्यापासून उबुंटू लिनक्स ही कार्यप्रणाली असून सगळे नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये होतात. ग्राहकांच्या एक्सेल फायलींतील मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आमच्याकडच्या लिबरऑफिस या प्रोग्राममध्ये नीट चालत नाहीत, म्हणून नवे व्यवस्थापक सर्वत्र विंडोज आणू पाहत आहेत. माझा विरोध त्यांना हट्ट वाटतो. बाजू कशी मांडावी?

उत्तर : इतक्या वर्षांच्या कामातून बसलेला विश्वास म्हणजे हट्ट नव्हे, आणि तो जपावा असेच आम्हाला वाटते. मात्र विंडोजवर आपले काम होणारच नाही, असे चुकूनही म्हणू नये. क्यूजीआयएस तेथेही चालते, आणि हा एक दावा खोटा ठरला की आपले खरे मुद्देही कोणी ऐकून घेणार नाही.

त्यांतला सर्वांत वजनदार मुद्दा यंत्रांचा आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा आता घ्यायचे ते विंडोज ११. त्याला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची सोय) आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. २०१७ च्या बहुतेक संगणकांत तो नसतो. प्रत्येक यंत्रावर टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा देऊन प्रोसेसरचे नाव टिपून घ्यावे, म्हणजे प्रश्न केवळ परवान्यांचा आहे की बाराही संगणक नव्याने घेण्याचा, हे व्यवस्थापकांना एका कागदावर दिसेल. शिवाय लिनक्स फायलींच्या नावांत इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे केवळ अक्षराच्या आकाराने वेगळ्या असलेल्या दोन फायली एका फोल्डरमध्ये नेताना एकमेकींवर लिहिल्या जाण्याचा धोका असतो. नकाशांच्या जुन्या संग्रहात अशा जोड्या आहेत का, ते आधीच तपासावे.

व्यवस्थापकांची अडचणही खरी आहे आणि ती आपणच प्रथम मान्य करावी. महिनाभर कोणत्या फायली अडल्या याची नोंद ठेवावी. त्या मोजक्याच निघाल्या, तर विंडोजचा एक नवा संगणक केवळ ग्राहकांच्या फायलींसाठी घ्यावा आणि उरलेले काम आहे तसेच चालू द्यावे, असा लेखी प्रस्ताव खर्चाच्या आकड्यांसह त्यांच्यापुढे ठेवावा.