कांगडा किल्ला अर्ध्या तासात उरकू नका

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन हिमाचलातल्या धर्मशाळेला जाताय, ज्वालामुखी देवीच्या वाटेवर कांगडा किल्ल्याला अर्धा तास ठेवलाय, आणि "नुसती पडझड आहे म्हणतात, उतरावं का?" असं विचारलंत. उतराच. फक्त अर्धा तास नको, निदान अडीच तास ठेवा. पहिल्या खेपेला मी गाडीवाल्याच्या घाईपायी जहांगिरी दरवाजावरून मागे फिरलो होतो. बघण्यासारखं बरंचसं त्याच्या वरच आहे.

किल्ला बाणगंगा आणि मांझी या नद्यांच्या संगमावर, उभ्या कड्यांच्या सोंडेवर आहे. खालून रणजितसिंह दरवाजातून शिरलं की दोन भिंतींमधली अरुंद, चढती वाट लागते. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजांची सवय असेल तर इथली युक्ती लगेच कळेल: आत शिरलेला शत्रू कायम वरच्या माऱ्यात. 1620 मध्ये जहांगीरच्या फौजेने किल्ला घेतला तोही लांबलचक वेढ्यानंतर. पुढे कांगड्याच्या कटोच राजघराण्यातल्या संसारचंदाने तो परत मिळवला, पण नेपाळी सेनापती अमरसिंह थापाच्या गुरख्यांनी वेढल्यावर रणजितसिंहांची मदत मागावी लागली. 1809 मध्ये गुरखे हटले खरे, पण मदतीची किंमत म्हणून किल्लाच गेला! 1846 ला इंग्रज आले.

आता पडझडीचं. एवढे वेढे झालेत म्हणून हे सगळं तोफांनी पाडलंय असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण आज दिसणारा बराचसा विध्वंस 4 एप्रिल 1905 च्या सकाळच्या भूकंपाचा आहे. त्या दिवशी कांगडा खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसं गेली. हे डोक्यात ठेवून दर्शनी दरवाजातून आत जा (दोन्ही बाजूंच्या झिजलेल्या गंगा-यमुनेच्या मूर्ती चुकवू नका). आतल्या चौकात लक्ष्मीनारायण मंदिराची मागची भिंत तेवढी उभी आहे. तिच्यावरची नक्षी इतकी बारीक की बोट फिरवावंसं वाटतं; फिरवू मात्र नका. समोर नुसतं मोकळं आकाश. तिथे मी बराच वेळ बसलो होतो.

शेजारी अंबिका देवीचं देऊळ आणि जैन तीर्थंकर आदिनाथांची बसलेली पाषाणमूर्ती आहे. दोन्हीकडे आजही पूजा होते, तेव्हा जागा मेलेली नाही. तिथून शीशमहालाच्या अवशेषांवरून अगदी वरच्या बुरुजापर्यंत जा. सकाळी हवा स्वच्छ असली तर धौलाधारची डोंगररांग समोर उभी असते. दुपारी ढग आणि उकाडा. कांगडा धर्मशाळेपेक्षा बरंच खाली आहे, मेमध्ये चांगलंच तापतं. म्हणून आधी किल्ला, मग ज्वालामुखी.

बाबांच्या गुडघ्यांचं सांगतो. पायऱ्या दगडी, काही उंच, काही गुळगुळीत झालेल्या. चपला नकोत, काठी असू द्या. त्यांना सावकाश देवळांच्या चौकापर्यंत न्या, वरचा बुरूज तुम्ही करून या. तेवढंही जमणार नसेल तर किल्ल्याच्या पायथ्याशी संसारचंदाच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे त्यांचा वेळ छान जाईल. पाणी सोबत घ्या, आणि खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं आहेत.

गाडीवाल्याला मात्र आदल्या रात्रीच अडीच तासांचं सांगून ठेवा.