परसातली तगर राहू द्या

प्रश्न : माझं वय ६७. गेली दोन वर्षं रात्री दोनच्या सुमारास टक्क जाग येते, ती पहाटेपर्यंत. मुलगी जर्मनीत असते. या खेपेला तिनं ‘बाल्ड्रियान’ नावाच्या मुळीच्या चहाच्या पुड्या आणल्या. तिकडे झोपेसाठी सर्रास घेतात म्हणे. वास असा की न धुतलेले मोजे बरे! आमची मनी मात्र त्या डब्यावर लोळण घेते. पुड्या संपत आल्यात. वाचनालयात एकांनी सांगितलं की ही म्हणजे आपली तगरच. आमच्या परसात तगरीची दोन मोठी झाडं आहेत. त्यांचं मूळ वाळवून काढा केला तर चालेल का? रक्तदाबाची गोळी रोज घेते, झोपेची अर्धी गोळी अधूनमधून.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, कुदळ हातात घेण्याआधी पत्र पाठवलंत, फार बरं केलंत. परसातल्या तगरीला हात लावू नका. तुमच्या वाचनालयातल्या गृहस्थांचं अर्धं बरोबर आहे, आणि या धंद्यात अर्धं बरोबर असणंच जास्त महागात पडतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. आयुर्वेद महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या गुणांच्या विषयाच्या, तोंडी परीक्षेत सरांनी ‘तगर ओळखता का?’ विचारलं. मी फुशारकीनं म्हटलं, ‘आमच्या दारातच आहे, रोज देवाला वाहतो.’ सरांनी टेबलाच्या खणातून एक वाकडातिकडा, काळपट, बोटाच्या पेराएवढा तुकडा काढून माझ्या नाकाशी धरला. तो वास चाळीस वर्षांनीही नाकात आहे.

तर गोष्ट अशी. कोकणात, देशावर आपण जिला तगर म्हणतो ते पांढऱ्या, चक्रासारख्या फुलांचं झुडूप. पान खुडलं की पांढरा चीक येतो. कण्हेरीच्या कुळातलं झाड आहे हे. त्याच्या मुळात तीव्र अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरकस परिणाम करणारी रसायनं, असतात. दात दुखला की त्याचं मूळ चघळायची पद्धत काही भागांत आहे. पण झोपेसाठी रोज काढा करून पिण्याचं ते औषध नव्हे.

औषधातली तगर हिमालयातली. साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर, ओलसर सावलीत, वीतभर उंचीचं रोप. वापरायचा तो जमिनीखालचा कंद. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ती ‘तगर गंठोडा’ म्हणून मिळते. (यातला गंठोडा ऐकून स्वयंपाकघरातला गंठोडा घेऊन येणारेही मी पाहिलेत. तो पिंपळमूळ. गमतीचा भाग असा की गुळाबरोबर पिंपळमूळ झोपेसाठी द्यायची जुनी रीत आहेच, त्यामुळे चुकून आणणाऱ्यांचंही फार बिघडत नाही!) ओळखायला ग्रंथांनीच खूण ठेवली आहे. तगरीची जुनी नावं ‘नत’ आणि ‘कुटिल’, म्हणजे वाकलेली, वाकडी. कंद तसाच दिसतो, गाठाळ आणि कड्या-कड्यांचा. तुमच्या झुडपाचं मूळ तसं दिसणार नाही.

जर्मनीची बाल्ड्रियान, म्हणजे व्हॅलेरियन, ही या हिमालयी तगरीची चुलत बहीण. कुळ एक, गाव वेगळं. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसनं पहिल्या शतकात अशाच एका मुळीला ‘फू’ म्हटलंय. वासामुळे, असं लोक सांगतात. आपल्याकडचा असता तर ‘शी’ म्हणाला असता. मोज्यांची तुमची उपमा तर अगदी नेमकी आहे. ओल्या मुळीला हा वास फारसा नसतो. वाळताना तिच्यातले घटक फुटून आयसोव्हॅलेरिक आम्ल सुटतं, आणि पायाच्या घामालाही वास येतो तो याच आम्लाचा. मनीचं वेड वेगळ्या घटकामुळे. तिला काही होणार नाही, पण डबा वरच्या फळीवर ठेवा.

आता एक गोष्ट आमच्याच मंडळींना आवडणार नाही. ‘आयुर्वेदात तगर झोपेसाठी सांगितली आहे’ असं हल्ली सगळीकडे छापून येतं. चरकानं तगरीचं नाव घेतलं ते थंडी घालवणाऱ्या दहा औषधांत, अगरू, धणे, सुंठ यांच्या पंगतीला. भावप्रकाश या जुन्या ग्रंथात ती विष, अपस्मार (फेफरं), डोक्याचे आणि डोळ्यांचे विकार यांवर येते. म्हणजे मज्जासंस्थेशी तिचा संबंध जुना आहे, पण ‘झोपेची तगर’ ही ओळख बरीचशी युरोपातल्या बहिणीकडून आलेली. झोपेसाठी चरक सांगतो ते म्हशीचं दूध! गाईच्या दुधापेक्षा जड आणि थंड, झोप नसणाऱ्याला हितकर. चिपळूणला ते मिळायला अडचण नसावी.

मग गुण येतो का? माझ्या अनुभवात मन धास्तावलेलं, छातीत धडधड, अंथरुणावर पडल्यावर विचारांची चाकं थांबत नाहीत, अशांना थोडा येतो. तोही पहिल्या रात्री नाही. दोन ते चार आठवडे घ्यावी लागते. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं मद्यार्कात काढलेल्या व्हॅलेरियनच्या सुक्या अर्काला सौम्य मानसिक ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी मान्यता दिली आहे. उलट अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीनं २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशावर ती वापरू नये असं सुचवलं, कारण पुरावा कच्चा. मला दोघांचंही पटतं. किरकोळ तक्रारीला चहा ठीक; दोन वर्षांच्या जागरणाला त्याच्या भरवशावर राहू नये.

उरलेल्या पुड्या संपवायच्या असतील तर उकळू नका, तेल उडून जातं. पेलाभर कढत पाणी ओता, झाकण ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी गाळून झोपण्याआधी अर्धा-एक तास घ्या. पण ज्या रात्री ती अर्धी गोळी, त्या रात्री हा चहा नाही. दोन्हींची गुंगी एकावर एक चढते, आणि तुमच्या वयात रात्री दोनला बाथरूमकडे जाताना तोल गेला तर झोपेपेक्षा मोठं दुखणं पदरात पडेल. गोळी मनानं बंदही करू नका. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याशी बोलूनच कमी करा. चहाचंही त्यांना सांगा.

आणि तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत म्हणून विचारते. दुपारी किती वेळ आडव्या होता? संध्याकाळचा चहा किती वाजता? दोनला उठता ती लघवीला, की जाग आल्यावर लघवी आठवते? रक्तदाबाची गोळी रात्री घेता का, आणि तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे का? तसं असेल तर ती सकाळी घेता येईल का एवढं डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे असाच जागरणाचा त्रास घेऊन आलेल्या एका आजींना मी मुळी, चूर्ण काहीच दिलं नव्हतं. गोळीची वेळ बदलली, एवढंच झालं.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, रात्री फार रडतं. सासूबाई म्हणतात, सहाणेवर जायफळाचे वेढे वाढव आणि मधातून चाटव. द्यावं का?
– एक आई, नगर

उत्तर : नाही. जायफळानं गुंगी येते हे सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे, म्हणूनच ते वाढवत न्यायचं नसतं. जास्त झालं तर विषासारखं बाधतं. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोटुलिझम या जिवाणूच्या विषबाधेचा धोका असतो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाळ अचानक जास्त रडायला लागलं असेल तर कान, पोट आणि ताप बघून घ्यायला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. सासूबाईंना बरोबर घेऊन जा, म्हणजे घरी आल्यावर वाद उरणार नाही. जायफळ पुरणपोळीत घाला आणि तुम्ही दोघी खा.