कामगार विम्याचे कार्ड आणि लेकीचे उपचार

प्रश्न : माझे यजमान नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत कामाला असून त्यांचा पगार १८,००० रुपये आहे. आमच्या सतरा वर्षांच्या मुलीला दिवाळीपासून हात धुण्याचा असा ध्यास लागला आहे, की साबणाची वडी दोन दिवसांत संपते आणि बोटांना भेगा पडून रक्त येते. कॉलेजही सुटले. त्वचेच्या डॉक्टरांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्यायला सांगितले. धंतोली-रामदासपेठेत पाच ठिकाणी फोन केले. कामगार विम्याचे (ईएसआयसी) कार्ड कुठेच चालत नाही आणि दर भेटीचे हजार रुपये आम्हाला झेपणारे नाहीत. काय करावे?
– एक आई, वाडी

उत्तर : ताई, मुलीच्या हातांकडे पाहून तुम्ही हातावर हात ठेवून बसला नाहीत, हे फार बरे केले. शोध मात्र उलट्या बाजूने सुरू झाला आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही, कारण ही व्यवस्था कुणी समजावूनच सांगत नाही. कामगार विम्याचे कार्ड थेट खासगी तज्ज्ञाकडे चालत नाही. विमा दवाखान्याची, पुढे पाठवणारी (रेफरल) चिठ्ठी असेल तरच पुढचे दार उघडते. म्हणून यजमानांचे नाव ज्या विमा दवाखान्यात नोंदलेले आहे, तिथे आधी मुलीला न्या. अविवाहित मुलगी या विम्यात कुटुंबीय म्हणून धरली जाते, परंतु ई-पेहचान कार्डावर, म्हणजे विम्याच्या ओळखपत्रावर तिचे नाव आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्या. नसेल तर कंपनीच्या कार्यालयातून ते चढवून घ्यावे लागेल.

तिथल्या डॉक्टरांकडून सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या आणि त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीबरोबरच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून मानसोपचार हवेत, असे स्पष्ट सांगा. ती सोय तिथे नसेल, तर दुसऱ्या सरकारी किंवा करारबद्ध रुग्णालयाची चिठ्ठी लेखी मागा. खरी अडचण बहुधा पुढेच येते : असे उपचार काही महिने, साधारण दर आठवड्याला चालतात आणि चिठ्ठी मात्र कधीकधी एकाच भेटीची निघते. तेव्हा चिठ्ठीवर किती भेटी आहेत आणि ती कोणत्या तारखेपर्यंत चालते, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी वाचून पाहा. यजमानांच्या पगारातून या विम्यासाठी दरमहा पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये कापले जातात आणि कंपनी सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरते. त्यामुळे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही.

राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून हे काम होईल, असे कुणी सांगितले तर त्यात वेळ घालवू नका. ती योजना प्रामुख्याने रुग्णाला दाखल करून होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आहे, दर आठवड्याच्या भेटींसाठी नव्हे.

विम्याची वाट लांबली, तर नागपुरातील मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स येथील मनोविकार विभागाच्या ओपीडीत कोणत्याही कार्डाविना दाखवता येते. तिथला खर्च खासगीच्या तुलनेत अगदी थोडा असतो. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे. त्या परिसरातील चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात आणि या एका नावापायी कितीतरी आयांनी मुलांना तिथे नेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुम्ही तसे करू नका. कुठेही जाण्याआधी फोन करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी बसतात, एवढे विचारा.

सायकॉलॉजिस्ट औषधे लिहून देत नाहीत. ते काम मनोविकारतज्ज्ञांचे. मुलीला दोघांचीही गरज लागू शकेल. खासगीत जाण्याची वेळ आलीच, तर पाटीवरच्या ‘समुपदेशक’ या शब्दावर विसंबू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागून घ्या. खरा तज्ज्ञ त्याचा राग मानणार नाही.

तोवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मराठीतून बोलता येईल. मुलीने जीव नकोसा झाल्याचे काही बोलून दाखवले, तर चिठ्ठीसाठी थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. साबण हिसकावून घेऊ नका, रागावूही नका. दिवसातून किती वेळा आणि किती वेळ ती हात धुते, हे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवा आणि पहिल्या भेटीत डॉक्टरांपुढे ती वही ठेवा, कारण त्या गर्दीत मुलगी स्वतः काही बोलेलच असे नाही.