शेल्टरमधून आणलेली गिनी पिग गाभण निघाली: परत देऊ नका, पण नराला आजच वेगळं करा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घरातला नर एकटा पडतो म्हणून तीन आठवड्यांपूर्वी शेल्टरमधून मादी आणली, तेव्हापासून दोघं एकाच केजमध्ये आहेत, परवा डॉक्टरांनी पोट तपासून गाभण असल्याचं सांगितलं, पिल्लं हलताना हाताला लागतायत म्हणाले, आणि आता घरात चाललंय की परत द्यावी का, आणि ठेवली तर "बाबा" जवळ असलेला बरा ना. पहिल्याचं उत्तर नाही, परत देऊ नका. दुसऱ्याचंही नाहीच, आणि ते जास्त घाईचं आहे.

म्हणून नराचं आधी. गिनी पिगची मादी व्यायली की त्याच दिवशी, काही तासांतच, पुन्हा माजावर येते. नर तिथे असला तर अंगावर पिल्लं पाजत असतानाच ती परत गाभण राहते, शरीर सावरायला एक दिवससुद्धा मिळत नाही तिला. व्यायचा मुहूर्त कोणी सांगून येत नाही, रात्री सगळे झोपलेले असतानाही होतं, त्यामुळे "व्यायली की लगेच काढू" हे जमत नाही. आजच दुसरा केज करा, बारीक जाळी मध्ये ठेवून शेजारी ठेवलेत तर एकमेकांचा वास-आवाज मिळतो आणि कोणीच एकटं पडत नाही. नसबंदी करून घेऊ का असं तुम्ही विचारलंय, तर जरूर करा पण पुढच्यासाठी, कारण ऑपरेशननंतरही पाच-सहा आठवडे नरापासून पिल्लं होऊ शकतात.

आणि तसा तो बाबा नाहीच. हिशेब बघा, गिनी पिगची मुदत 59 ते 72 दिवसांची, आणि पिल्लं हाताला हलताना लागतात ती शेवटच्या तीन-चार आठवड्यांत. तुमच्याकडे येऊन 21 दिवस झालेत, म्हणजे ती येतानाच गाभण होती आणि तुमच्या हातात आता फार तर महिना आहे, कमीसुद्धा असेल. शेल्टरवर रागावू नका हो, सुरुवातीचे काही आठवडे वरून काही म्हणजे काही कळत नाही, आणि कोणीतरी नर-माद्या एकत्र ठेवलेला घोळका आणून सोडला तर त्यातली कोण गाभण आहे ते त्यांना तरी कसं दिसणार.

परत का नको, तर जागा बदलली, रिक्षात हादरे बसले, नवा वास नवे आवाज आले की गाभण मादी खाणं टाकते, आणि शेवटच्या दिवसांत खाणं टाकणं म्हणजे जिवावरचं. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमची पहिली चिमी, तीही अशीच कुणाच्यातरी घरून गाभण आलेली, मे महिना, आमच्या घरी पाहुण्यांची ये-जा म्हणून मी तिचा केज मागच्या खोलीत हलवला. संध्याकाळी तिने कोथिंबिरीला तोंड लावलं नाही. मला वाटलं उकाडा आहे, रात्री खाईल. सकाळी तशीच कोपऱ्यात केस फुलवून बसलेली, पाय गार, आणि तोंडाजवळ नाक नेलं तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता. दुपारपर्यंत गेली. पोटात चार पिल्लं होती. नंतर डॉक्टरांनी समजावलं की पिल्लं मोठी झाली की पोटात जागाच उरत नाही, मादी कमी खाते, शरीर स्वतःची चरबी जाळायला घेतं, लिव्हरला ते झेपत नाही आणि रक्तात विष साचतं. व्यायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा एक, हा काळ ह्याचा. जाड मादीला धोका जास्त. एक रात्र मी थांबले, त्याची मला आजही खंत आहे, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीनं सांगतेय की एक वेळचं खाणं जरी चुकलं तरी सकाळची वाट बघू नका.

त्यासाठी एक साधं काम करा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर एक डबा ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी वजन लिहा. तिला पोटाखाली हात घालून उचलू नका, डबा आडवा धरा, आत ढोबळी मिरचीचा तुकडा टाका, ती आपली आपण चालत जाते, मग डबा हळूच सरळ करायचा. ह्या दिवसांत आकडा चढताच हवा. चढायचा थांबला किंवा 50 ग्रॅमने उतरला तर डॉक्टरांना फोन, आणि तोवर पेलेट, म्हणजे त्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, पाण्यात भिजवून सुई काढलेल्या सिरींजने गालाच्या बाजूने थोडं थोडं भरवायचं.

खाण्यात मुख्य वाळलेलं गवत, ते चोवीस तास समोर पाहिजेच. गाभणीला कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त लागतं म्हणून लसूणघास द्या. ऑनलाइन अल्फाल्फा म्हणून महाग विकतात ते हेच, आपल्या बडोद्यात देवळाबाहेर गाईला घालायला रजकोच्या पेंढ्या मिळतात ना, तोच रजको. फक्त ओला एकदम भरपूर घालू नका, पोट फुगतं, दोन-तीन काड्यांपासून सुरू करा. मी तर स्वच्छ धुऊन गॅलरीत सावलीत जुन्या साडीवर पसरते, तीन दिवसांत कुरकुरीत होतो आणि रंगही हिरवा राहतो. नराला मात्र तो नको, मोठ्या पिगीला रोज दिला तर मूतखड्याचा त्रास होतो.

व्हिटॅमिन सी ह्यांच्या शरीरात बनत नाही, आपल्यासारखंच. एरवी वजनाच्या किलोमागे रोज 10 ते 20 मिलिग्रॅम पुरतं, गाभणीला 30च्या वर लागतं. रोज पाव ढोबळी मिरची दिलीत तर साधारण तेवढं होतं, खंडेराव मार्केटला सकाळी गेलात तर ताजी मिळते, जोडीला कोथिंबीर. पाण्यात टाकायचे थेंब घेऊ नका, ते पाण्यात लवकर निकामी होतात आणि पाण्याची चव बदलली की ती पाणीच कमी पिते. बटाटा, कांदा, लसूण अजिबात नाही. पोळीचे तुकडे, बिस्किटं, आजी-आजोबा प्रेमाने घालतात तेही बंद.

आता उकाडा. हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतले, 26-27 डिग्रीच्या वर त्यांना त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे एप्रिलमध्येच 40 होतात. केज फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, एसी असलेल्या खोलीत ठेवलात तर उत्तम, नसेल तर केजमध्ये एक गुळगुळीत टाइल ठेवा आणि बर्फाची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून एका बाजूला, म्हणजे नको असेल तर तिला दुसरीकडे सरकता येतं. लग्नसराई आहे, रस्त्याच्या बाजूची खोली टाळा, वरघोड्याचा, म्हणजे वरातीचा, डीजे खिडकीखालून गेला की ती तासन्‌तास थरथरत बसते. जी खोली निवडाल ती आज निवडा, मग हलवायचं नाही.

डॉक्टरांना एक विचारा, मादीचं वय काय वाटतं. पहिलं बाळंतपण सात-आठ महिन्यांच्या आत झालेलं नसेल तर कमरेचा सांधा घट्ट होतो, पिल्लू अडकतं आणि सिझेरियन लागू शकतं. शेल्टरमधल्या मादीचं आधीचं काही माहीत नसतं म्हणून तयारी हवी. गिनी पिगचं सिझेरियन करणारं कोण, रात्री फोन उचलणारं कोण, हे आत्ता शोधा. आणंदचं वेटरनरी कॉलेज साधारण 40 किलोमीटरवर आहे, तिथेही आधीच फोन करून ठेवा. आणि कोणीही तोंडातून अमॉक्सिसिलिन दिलं तर नम्रपणे नाही म्हणा, कुत्र्याला चालतं ते ह्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं आणि पिगी दगावते.

व्यायची वेळ आली की फारसं करायचं नसतं. आमची दुसरी, मिठी, पहाटे चारला व्यायली, मी स्टूलवर श्वास रोखून बसलेले. उचकी लागल्यासारखी अंग आखडायची, मग डोकं पोटाखाली घालून दातांनी पिल्लू ओढून घ्यायची आणि लगेच चाटायला लागायची. तीन पिल्लं, वीस मिनिटांत. दुसऱ्याच्या तोंडावरची पिशवी तिच्याकडून राहिली तेव्हा मी फक्त मऊ कापडाने नाक-तोंड पुसलं. अंगभर केस, डोळे उघडे, दात आलेले, आणि तासाभरात त्यातलं एक गवताच्या काडीशी झटापट करत होतं! लेकीने नावं ठेवली सेव, उसळ आणि पाव. वार ती खाते, खाऊ द्या. कळा देत वीस मिनिटं झाली आणि पिल्लू नाही, किंवा रक्त जास्त जातंय, तर मात्र तडक डॉक्टर.

पिल्लांचंही रोज वजन घ्या. जन्मतः 70 ते 100 ग्रॅम असतात, पहिले दोन दिवस किंचित उतरलं तर घाबरू नका, नंतर चढलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून आईच्या ताटातलं खातात पण दूध तीन आठवडे लागतंच. आणि 21वा दिवस कॅलेंडरवर आत्ताच गोल करा, त्या दिवशी नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून काढून तुमच्या नराकडे न्यायची, बहुतेकदा मोठा नर त्यांना सांभाळून घेतो. ती एवढीशी दिसली तरी त्या वयात आईलाच गाभण करू शकतात. नर-मादी डॉक्टरांकडूनच बघून घ्या, घरी चुकतं. घरं शोधायला आजपासून लागा, दुकानात देऊ नका, दोघं-दोघं जोडीने द्या, आणि शेल्टरलाही कळवा, त्यांच्याकडे विचारणारे येत असतात.

मी प्रतापनगरला राहते. वाळवलेला रजको दोन पिशव्या पडलाय घरी, संध्याकाळी सहानंतर कधीही घेऊन जा, आणि येताना तिचं आजचं वजन लिहून आणा.