उत्परिवर्तनाचा ‘वेग’ की ‘दर’?

प्रश्न असा आला आहे: प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘म्यूटेशन रेट’ला, म्हणजे जनुकं किती वेळा बदलतात त्या प्रमाणाला, ‘उत्परिवर्तनाचा वेग’ म्हणावं की ‘दर’? ‘दर’ म्हटलं की भाजीबाजार आठवतो, अशी विचारणाऱ्या ताईंची अडचण आहे.

माझं मत ठामपणे ‘दर’च्या बाजूने आहे, आणि बाजाराची आठवण इथे उपयोगीच पडते. भाजीचा दर किलोमागे असतो. दरडोई, दरमहा, दर हेक्टरी या सगळ्या शब्दांत ‘कशामागे’ हे आधी सांगावं लागतं. ‘वेग’ म्हटलं की अपूर्णांकाच्या छेदात काळ आपोआप येऊन बसतो. या उंदरांच्या बाबतीत छेदात काळ नाही, युग्मक आहे, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी.

हे मोजतात कसं ते पाहा. वीस किंवा अधिक पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून शुद्ध वाण तयार होतो. त्यातल्या एका उंदराच्या शेपटीची कातडी दुसऱ्याला लावली की ती जगते, कारण दोघांची जनुकं सारखी असतात. क्वचित एखादं कलम गळून पडतं. मग तपासून पाहायचं, की ऊती जुळवणारं एखादं जनुक बदललं आहे का. आता अपूर्णांकाचा छेद: सी५७ब्लॅक/६ या शुद्ध वाणात ‘के-बी’ हे ऊती जुळवणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून येतं, म्हणून एका पिल्लामागे दोन युग्मकं मोजायची. त्याच वाणाचा दुसऱ्या वाणाशी संकर केला, तर के-बी एकाच बाजूने येतं, आणि युग्मक एकच. पिल्लं तितकीच असली तरी छेद निम्मा होतो. म्हणून ‘दर युग्मकी’ असं लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. के-बीचा दर दहा हजार युग्मकांमागे सुमारे दोन इतका आढळला. उंदरांच्या इतर बऱ्याच जनुकांत तो लाखामागे एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. एवढा फरक का? तर शेजारच्या सारख्या दिसणाऱ्या जनुकांचे छोटे तुकडे के-बीमध्ये उतरतात. म्हणूनच ‘बीएम१’ या प्रसिद्ध उत्परिवर्तित वाणात के-बीच्या प्रथिनातली १५२, १५५ आणि १५६ या स्थानांवरची तीन अमिनो आम्लं एकदमच बदललेली आहेत.

‘वेग’ टाकाऊ नाही. लाखो वर्षांत एखादं जनुक किती बदललं हे सांगायचं असेल, तर ‘उत्क्रांतीचा वेग’ चपखल बसतो.

‘टिश्यू’साठी ताईंनी ‘ऊतक’ लिहिलं आहे, तेही चालतं. शाळेच्या पुस्तकांतला ‘ऊती’ मला जास्त आवडतो. संस्कृतात ‘ऊति’ म्हणजे विणणं, आपल्या ‘ओतप्रोत’मध्येही विणण्याचाच धातू आहे, आणि ‘हिस्टोकम्पॅटिबिलिटी’ (ऊती जुळणं) या शब्दातला ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग किंवा मागावरचं कापड. त्यातल्या ‘कम्पॅटिबिलिटी’ला मात्र ‘सुसंगतता’ नको वाटतं. विचार सुसंगत असतात, ऊती जुळतात. तेव्हा मी लिहीन: ‘ऊती-जुळणीच्या जनुकांचा उत्परिवर्तन-दर’, आणि पहिल्याच उल्लेखात ‘दर युग्मकी’.